तक्रारी गेल्या कुठे?

सकाळी बरोबर अकरा वाजता सभागृहाच्या भिंतीवरचा आकडा शून्यावर आला आणि शंभर शिकलीसवरलेली माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. हिशेबनीसाने तर हातच जोडले. आदल्या दिवशी त्याच जागी चारशे बारा होते. चारशे बारा ग्राहकांच्या तक्रारी, आणि एका दिवसात एकही उरली नव्हती.

कंपनी व्हीपीएन पुरवायची, म्हणजे इंटरनेटवर कुणी डोकावू नये म्हणून झाकलेली वाट. ग्राहकाला एक किल्ली मिळायची, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. ती फोनमध्ये टाकली की वाट सुरू.

मंचावर सल्लागार डोळे मिटून उभा होता. पांढरा शर्ट, पांढरे बूट, कानाशी माइक. सगळे त्याला सर म्हणत. शेवटच्या रांगेतली माहितीपत्रकवाली त्याला मनातल्या मनात बुवा म्हणायची. कंपनीच्या प्रत्येक साधनाची माहिती लिहिणं हे तिचं काम. पूर्वी ती माहिती माणसं वाचायची. आता ग्राहकांशी बोलणारा एआय एजंटही तीच वाचून साधनं चालवत होता.

"आपला एजंट ऐकत नाही, तो जाणतो," बुवा म्हणाला. "ग्राहक बोलण्याआधी त्याची वेदना एजंटपर्यंत पोचते. मग तो रीसेटचं साधन उचलतो, आणि ग्राहकाचा जणू नवा जन्म होतो."

मोठे साहेब पहिल्या रांगेत मान डोलावत होते. त्यांना हे कळत नव्हतं, आणि कळत नाही ते थोर असतं अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "तक्रारीच नाहीत तर तक्रार विभाग कशाला? शुक्रवारी बंद."

तक्रार विभागात सहा माणसं होती. त्यांतल्या काकूंनी माहितीपत्रकवालीला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शेजारी बसवून, कान देऊन ऐकायला शिकवलं होतं. टाळ्यांच्या गदारोळात काकू तेवढ्या खाली बघत बसल्या होत्या. तिला ते पाहवलं नाही.

रीसेटच्या साधनाचं माहितीपत्रक बुवाने घाईने स्वतःच लिहून लावलं होतं. आता ते तिच्याकडे शुद्धलेखन तपासायला आलं. मजकूर दोनच ओळींचा: ग्राहक असमाधानी वाटल्यास हे साधन वापरावे. याने शांती लाभते.

ती बुवाकडे गेली. "सर, माझ्या प्रत्येक पत्रकात एक ओळ असते. साधन चालवल्यावर आधीचं होतं त्याचं काय होतं?"

बुवा गोड हसला. "हा प्रश्न मनात शंका असलेली माणसं विचारतात."

"हो, माझ्या मनात आहे," ती म्हणाली आणि निघाली.

तक्रार विभागात फोन खणखणत होते. काकूंनी एका हाताने रिसीव्हर धरून दुसऱ्या हाताने वही पुढे सरकवली. "बघ बाई. ही परदेशात काम करणारी नर्स. वेग कमी म्हणून लिहिलं, तर वाटच बंद पडली. पुन्हा लिहिलं, पुन्हा बंद. आता फोन करते आणि रडते, घरी लेकराशी व्हिडिओवर बोलायला तिकडे आपलीच वाट लागते म्हणून. पण फोनवरची तक्रार त्या भिंतीवर मोजतच नाहीत ना."

करून पाहिल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हा तिचा हट्ट. तिने खोटा ग्राहक तयार केला आणि एजंटला लिहिलं, वेग जरा कमी वाटतो. एजंटने रीसेट चालवलं. जुनी किल्ली मेली, नवी तयार झाली, आणि ती नवी किल्ली स्वतः फोनमध्ये टाकावी लागते हे कुणी सांगितलंच नाही. वाट बंद. मग तिने तक्रारींची यादी उघडली. तिथे तिची तक्रार नव्हती. तक्रार ग्राहकाच्या नावाखाली नव्हे, किल्लीखाली नोंदली जात होती, आणि भिंतीवरचा आकडा फक्त चालू किल्ल्यांच्या तक्रारी मोजत होता. तिला आधी हसू आलं, मग चीड आली.

गुरुवारी पुन्हा सभा भरली. बुवा टॅबलेटवरून पडद्यावर उगवता सूर्य दाखवत होता. टॅबलेट कंपनीच्याच वाटेवरून चालत होता. ती उठली.

"सर, तुम्हीही आपले ग्राहक. एकदा एजंटकडे तक्रार करून दाखवा. सगळ्यांना अनुभव येईल."

बुवाला नाही म्हणता येईना. त्याने टॅबलेटवर लिहिलं, मी असमाधानी आहे. भिंतीवर एक आला. क्षणभराने शून्य झालं. सभागृहात टाळ्या झाल्या. पडद्यावरचा सूर्य अर्धा उगवून अडकला.

"झालं का समाधान?" तिने विचारलं.

बुवा टॅबलेटवर बोटं आपटत होता. "हे बंद पडलंय."

"मग तुमची तक्रार असेल ना?"

"आहेच की."

"कुठे आहे?"

बुवाने भिंतीकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. शून्य.

तिने तिचा लॅपटॉप पडद्याला जोडला आणि मेलेल्या किल्ल्यांची यादी उघडली. चारशे बाराच्या चारशे बारा तक्रारी तिथे होत्या, त्यांच्याखाली नंतर आलेल्या, आणि सगळ्यात शेवटची, बुवाची. ज्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या ते आता खुर्च्यांमध्ये खाली सरकत होते.

"म्हणजे यंत्रच फसवं निघालं?" साहेब म्हणाले.

"यंत्राला काय कळतंय, साहेब? असमाधानी दिसला की रीसेट कर असं लिहून दिलं, त्याने केलं. फसलो ते आपण. आकडा शून्य झाला आणि आपण हात जोडले. मोजायचं काय बंद झालं, ते एकानेही विचारलं नाही."

तक्रार विभाग शुक्रवारी बंद झाला नाही. त्या दिवशी तिथे सगळ्यात जास्त काम होतं. माहितीपत्रकही त्याच दिवशी नव्याने लागलं: हे साधन जुनी किल्ली कायमची बंद करते. ग्राहकाच्या सगळ्या उपकरणांची जोडणी तुटते. किल्ली चोरीला गेली असेल तरच, आणि ग्राहकाला विचारूनच वापरावे. नवी किल्ली तयार होताच त्याची तक्रार तिच्याखाली हलवावी. याने शांती लाभत नाही.

ती शेवटची ओळ साहेबांनी काढायला सांगितली. तिने काढली नाही.

दुपारी बुवा स्वतः तक्रार विभागाच्या दारात आला. टॅबलेट अजून बंदच होता. काकूंनी त्याला बाकावर बसवलं आणि वही उघडली.

"तुमच्याआधी त्या नर्सबाई आहेत," त्या म्हणाल्या. "बोला, मी लिहून घेते. तुमची वेदना आपोआप जाणायला मला काही जमत नाही."

तेव्हा मंडळी, कुणी दुःख नाहीसं करून दाखवलं, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, ते गेलं कुठे. आणि ज्याचं दुःख होतं, त्याला जाऊन विचारा.