ताईच्या खिडकीवरची फिल्म

मी फिल्म बोलतेय. सिनेमाची नव्हे. माझ्यात गाणी नाहीत, मारामारी नाही. पारदर्शक प्लॅस्टिक आहे आणि त्यात अर्धवाहक पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे कण. कण लहानमोठे केले की कोणता प्रकाश अडवायचा, कोणता सोडायचा, ते बदलतं. एवढीच माझी करामत.

मला एका संशोधक बाईंनी बनवलं. त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईला, ऊन सोसत नसे. उन्हातले अतिनील किरण काचेतून आले तरी तिच्या कातडीवर फोड उठायचे. म्हणून ती जाड पडद्याआड राहायची. भरदुपारी दिवा लावून भाजी निवडायची.

माझ्याआधीच्या फिल्म वाया गेल्या. कणांच्या गुठळ्या होत आणि फिल्म दुधासारखी पांढरी पडे. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "किरण अडतात, पण बाहेरचंही काही दिसत नाही. मग पडदा काय वाईट होता?"

बाईंनी ते मनाला लावून घेतलं. या खेपेला कणांवर आधी पातळ लेप चढवला, म्हणजे ते एकमेकांना चिकटणार नाहीत. मग ते प्लॅस्टिकच्या द्रावणात घोटले आणि मोठ्या काचेवर ओतून पात्याने सारखे पसरले. सुकल्यावर मला सोलून यंत्रात तपासलं. अतिनील किरण अडले. सरांनी मला वर्तमानपत्रावर ठेवून एक बातमी वाचली, पार शेवटपर्यंत.

"हं," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

बाईंनी मला ताईच्या खिडकीवर चिकटवून पडदा काढला. खोलीत ऊन आलं. पहिल्यांदा दिसली ती कोपऱ्यातली कोळ्याची जाळी.

"रोज झाडतो म्हणायचात ना?" ताईने नवऱ्याला विचारलं.

"झाडत होतो. दिसत नव्हतं."

मग तिने बाही सारून हात उन्हात धरला. नवरा ओला टॉवेल घेऊन शेजारी उभा राहिला. आयुष्यात मी घाबरले ती तेवढीच.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. सकाळीही हात होता तसाच. बाई स्वयंपाकघरात जाऊन रडून आल्या. ताई म्हणाली, "रडतेस काय? खुर्ची सरकव इकडे."

आता ती दिवसभर माझ्यापाशी बसते. रस्त्यावरून कोण कुणाबरोबर गेलं, हे नवऱ्याला त्याने न विचारताच सांगते.

माझ्या कडा मात्र सुटू लागल्यात. एकच विनंती. मला काढून दुसरी फिल्म लावाल, तेवढा वेळ ताईला आतल्या खोलीत बसवा. ती नाही म्हणेल. तिचं ऐकू नका.