साहेबांपुढचा सरदारी नाच

लातूरच्या मन्मथ बँडवाल्याला एकच ध्यास लागला होता: आपला बँड सरकारी व्हावा. सरकारी म्हणजे अंगावर लाल कोट आणि लग्नसराईत सगळ्यांच्या आधी आपल्याला सुपारी.

हैदराबादेहून एक बडे अंमलदार येणार होते. स्वागताचं बघणारे वसंतराव वकील विलायत करून आलेले. त्यांनी मन्मथला घरी बोलावून ग्रामोफोनवर तबकडी लावली.

"चारशे वर्षांमागचा इटलीच्या सरदारांचा नाच आहे. आजच्या एका उस्तादानं साठ वादकांसाठी नव्यानं बसवलाय. साहेबांपुढं हाच वाजवायचा."

मन्मथनं कान लावला. "वकीलसाहेब, सरदार नाचायचे का झोपंत चालायचे? लईच हळू हाय."

"त्यालाच खानदानी म्हणतात. तुला वरातीचा धिंगाणा तेवढा कळतो."

"आन् साठ माणसं कुठून आणू? आम्ही नऊ जण. त्यातला झांजवाला बहिरा."

"लाल कोट पाहिजे ना?"

पाहिजे होता. मन्मथनं साठ जणांचं काम नऊ जणांत कोंबलं. सारंग्यांचं रडणं क्लॅरिनेटला दिलं, उरलंसुरलं ढोलाला. इटलीत चारशे वर्षं टिकलेला नाच लातुरात आठवड्यात आडवा झाला.

साहेब स्टेशनावर उतरले. फुलांनी मढवलेल्या उघड्या बग्गीत त्यांना बसवलं. प्रवासानं शिणलेले साहेब हारांच्या ओझ्याखाली बसल्या जागी डोळे मिटून पेंगू लागले. पुढं बँड, पावलागणिक एक ठोका.

आता लिंगायतांत मेलेल्या माणसाला असंच बसवून, फुलांनी सजवून, संथ वाजवत नेतात. बाजारात बग्गी शिरली तशा दुकानांच्या फळ्या पटापट लागल्या. लोक हात जोडून उभे राहिले. सिद्धम्मा म्हातारी धावत येऊन साहेबांच्या पायांवर पडली.

"शिवा शिवा! चेहरा कसा झोपल्यावाणी दिसायलाय गं!"

तिच्यामागं बायांनी गळा काढला.

मन्मथ स्वतः लिंगायत. त्याला सगळं कळलं. वरातीची एक चाल उचलली असती तर सावरलं असतं. त्याची बोटं तशी वळलीही. पण वकिलांनी डोळे वटारले, मन्मथच्या डोळ्यांपुढं लाल कोट आला, आणि त्यानं तोच नाच आणखी हळू केला.

गलक्यानं साहेब जागे झाले. पाय धरलेली म्हातारी, रडणारी रयत बघून त्यांनी रुमालानं डोळे पुसले. "इतनी मोहब्बत!" हुकूम सुटला: बँड आजपासून सरकारी.

कोट आले. लग्नसराई लागली तसा मन्मथ कोट घालून केवळाबाईच्या दारात गेला. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं.

"बाई, वरातीला आमचाच बँड सांगा."

केवळाबाईनं कोटाला हात लावून बघितला. "कापड झ्याक हाय रं. पर आमचा नवरदेव जित्ता हाय, बाबा."