अडतिसावी वस्तू

मेकॅनिक ओटमारने खिशातून पाच मार्कांचं नाणं काढलं, सदऱ्याला पुसलं आणि चालू इंजिनाच्या माथ्यावर कडेवर उभं केलं. मग अलगद बोट काढून घेतलं. नाणं उभंच राहिलं.

"बघा बाई," तो म्हणाला, "आमच्या सासूबाईसुद्धा इतका वेळ गप्प उभ्या राहत नाहीत."

इर्मेला कुर्त्स हसली नाही. गेले चार महिने ती रोज सकाळी हे नाणं उभं राहिलेलं बघत होती. सहा-सहाच्या दोन रांगांत बसवलेले बारा सिलिंडर, पाच लिटरचं इंजिन, आणि उघड्या बॉनेटपाशी उभं राहिलं तरी ऐकू यायचा तो फक्त धूर ओढून नेणाऱ्या पंख्याचा घरघराट. त्याच्या क्रँकशाफ्टची पहिली रेघ तिने ओढली तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. आता चौतीस पुरी झाली होती. मधल्या काळात मैत्रिणींची लग्नं झाली, मुलं शाळेत जायला लागली. इर्मेलाचं म्हणाल तर हे इंजिन सुरू व्हायला लागलं.

सव्वानऊला चाचणीच्या खोलीचं दार उघडलं आणि राखाडी कोट घातलेले डॉक्टर आइशेले आत आले. इंजिन विभागाचे प्रमुख, वय चौसष्ट, डिसेंबरअखेर निवृत्त होणार. गुड मॉर्निंग नाही, मान हलवणं नाही. सरळ गाडीत बसले. समोरच्या काट्यांवर काळं फडकं टाकलेलं होतं. हा त्यांचाच नियम. काटे दिसले की हात खोटं बोलायला लागतो, असं ते म्हणत. डोळे मिटून त्यांनी उजवा तळवा स्टिअरिंगवर हलकेच ठेवला. ओटमारने श्वास रोखला. इर्मेलाने तर कधीचाच रोखला होता.

"आहे," डॉक्टर म्हणाले, आणि उतरून निघून गेले.

आहे म्हणजे थरथर आहे. मोजण्याच्या यंत्रांवर ती दिसत नव्हती, नाण्याला कळत नव्हती, इर्मेलाच्या हाताला लागत नव्हती. पण आइशेल्यांच्या तळव्यापुढे यंत्राची काय मिजास! अकरा वर्षांपूर्वी याच तळव्याने एका आठ सिलिंडरच्या गाडीत बेअरिंगला गेलेला तडा ओळखला होता, यंत्रांना तो कळायच्या तीन दिवस आधी. तेव्हापासून कारखान्यात त्या हाताचा शब्द शेवटचा. जर्मनीतल्या या नेकार नदीच्या खोऱ्यात आम्ही मुळात कौतुकाला कंजूष. कोणी बोललं नाही म्हणजे छान झालं, असं समजून घ्यायचं. त्यामुळे डॉक्टर गाडीतून उतरून काहीच बोलले नाहीत की त्या इंजिनाचं सोनं झालं म्हणायचे. आणि या इंजिनाला ते रोज एक शब्द बोलत होते.

दोष शोधायची रीतही त्यांनीच घालून दिलेली. तर्क लढवायचे नाहीत. एकेक वस्तू काढायची आणि पुन्हा हात ठेवायचा. जी काढल्यावर थरथर जाईल, ती गुन्हेगार. एप्रिलमध्ये अशीच इंजिनाखालची रबरं गुन्हेगार निघाली होती, ती बदलली. पण जूनपासून पुन्हा सुरू. इर्मेलाने पाण्याचा पंप काढला, एअर कंडिशनर काढला, पट्टे काढले, धुराच्या नळीचे टेकू काढले, सीटसुद्धा बदलली. भिंतीवर लावलेल्या यादीत आता सदतीस वस्तू होत्या आणि प्रत्येकीवर तिने मारलेली लाल फुली. शुक्रवारी संचालक मंडळाची बैठक होती. आइशेल्यांची सही असेल तर इंजिन उत्पादनात जाणार होतं. नसेल तर कपाटात. आज मंगळवार होता.

त्याच दिवशी साडेदहाला डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर लोणी लावलेले दोन ब्रेत्झेल, म्हणजे गाठीच्या आकाराचे खारे पाव होते. एक त्यांनी तिच्याकडे सरकवला, तेव्हाच तिने काय ते ओळखलं. डॉक्टर खाऊ घालतात ते वाईट बातमी द्यायची असली तरच.

पण ते बराच वेळ भलत्याच गोष्टी बोलत राहिले. द्राक्षं यंदा उशिरा उतरली. घरी सुपाचे नवे चमचे आणावे लागले.

"जुन्यांचा तोल वाईट होता," ते म्हणाले. "दांडा जड. सगळं सूप टेबलावर. कोणी डिझाइन केले होते देव जाणे. आमची ही म्हणते, चमच्यांना काही झालेलं नाही. आता तिला तोलातलं काय कळतं!"

"नवे बरे आहेत का?"

"तेही तसलेच."

त्यांनी थर्मासमधून तिच्या कपात कॉफी ओतली, मग स्वतःच्या. कप उचलला आणि तोंडाशी नेता नेता थांबवून तिच्यापुढे धरला. कॉफीवर बारीक वर्तुळं उठत होती, एकामागून एक.

"बघितलंत? प्रेस शॉप आज जोरात दिसतंय."

इर्मेला हो म्हणणारच होती. साठ मीटरवर दणदणत पत्रे दाबणाऱ्या प्रेसमुळे या इमारतीत कॉफी हलते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सोमवारपासून प्रेस शॉप बंद होतं. नवं यंत्र बसवायला तिथली जमीन खणली होती. आज सकाळीच ती त्या खड्ड्याला वळसा घालून आली होती.

तिने हळूच तळवा टेबलावर ठेवला. टेबल थंड आणि स्तब्ध. टेबलावरच्या तिच्या कपातली कॉफी आरशासारखी सपाट. मग तिने डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं. कप त्या हातामुळेच हलत होता.

"हो," ती म्हणाली. "जोरात आहे."

ब्रेत्झेल तिने तसाच ठेवला. आणि ती वाईट बातमी डॉक्टरांनी त्या दिवशी दिलीच नाही. त्यांच्याही जिवावर आलं असावं.

दुपारी तिने ओटमारला सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि चिंधीने बोटं पुसली.

"मग सांगून टाका त्यांना," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा. तुमची त्यांची तीस वर्षांची ओळख."

"म्हणूनच नाही सांगणार. माणसाने जन्मभर ज्या हातावर नाव कमावलं, तो हातच खोटा आहे म्हणून मी सांगू? त्यापेक्षा इंजिन बारा नव्हे, चोवीस सिलिंडरचं करा, मी रात्रंदिवस बसतो." मग त्याने मान खाली घातली. "आणि माझं तोंडही नाही सांगायला. ऑगस्टमध्ये मला विचारलं होतं त्यांनी. मी म्हटलं, मलाही थोडीशी लागते."

"लागत होती?"

"छे हो! पण साहेब इतक्या आशेने बघत होते..."

राग आला तरी इर्मेलाला हसू आलं. हसताना डोळ्यांत पाणीही आलं. पाच वर्षांपूर्वी साऱ्या विभागात एकच बाई इंजिनिअर होती आणि तिच्या रेखाटनावर हात ठेवून हे कामाचं आहे असं म्हणणारा एकच माणूस होता. इंजिन कपाटात जाईल याचं तिला दुःख होतंच. पण त्याहून जास्त, हा माणूस आपलं शेवटचं इंजिन बिघडलं या समजुतीने घरी जाईल, हे तिला सहन होईना.

बुधवारी नऊ वाजून बारा मिनिटांनी गाडी नेहमीसारखी उभी होती. इंजिन चालू, त्यावर नाणं उभं, पंखा चालू, काट्यांवर काळं फडकं. इर्मेला भिंतीवरच्या यादीपुढे उभी राहिली. सदतीस फुल्या. काढायचं काय उरलं होतं? ती गाडीपाशी गेली, खिडकीतून वाकली आणि तिने किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं. खोलीतल्या आवाजात कणभरही फरक पडला नाही.

"बाई, काय करताय?" ओटमारने दबक्या आवाजात विचारलं.

"अडतिसावी वस्तू काढतेय."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग पंख्यापाशी गेला आणि त्याने पंखा एका आकड्याने वाढवला.

डॉक्टर आले, बसले, त्यांनी डोळे मिटले. तळवा स्टिअरिंगवर हलकेच टेकला. इर्मेलाला वाटलं, आत्ताच पुढे होऊन सगळं सांगून टाकावं. पण ती जागेवरच उभी राहिली.

"आहे," डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कालच्यापेक्षा जास्तच."

त्यांनी डोळे उघडले, पण तळवा उचलला नाही.

"कुर्त्सबाई, काल बोलायचं राहून गेलं. शुक्रवारी मी सही करणार नाही. थरथरणारं बारा सिलिंडरचं इंजिन माझ्या नावाने बाहेर जाणार नाही. तुमची यात काडीची चूक नाही, हे मी लिहून देईन. कदाचित बाराचा हट्टच चुकला. माझाच होता तो."

एवढं बोलून त्यांनी इंजिन बंद करायला किल्लीला हात घातला. किल्ली मागे फिरेना. त्यांनी कपाळाला आठी घातली, पुन्हा जोर केला. मग चाळीस वर्षांच्या सवयीने तिला दुसऱ्या बाजूला फिरवलं. स्टार्टर क्षणभर किरकिरला, इंजिन सुरू झालं, आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा काहीच ऐकू येईनासं झालं.

डॉक्टरांनी किल्ली सोडली. मग त्यांनी काळं फडकं ओढून बाजूला केलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला सहाशेवर होता, भिंतीला ठोकल्यासारखा. त्यांनी आपला हात स्टिअरिंगवरून उचलला, तोंडासमोर धरला आणि अनोळखी सुटा भाग तपासावा तसा उलटसुलट करून पाहिला.

"कधी बंद केलं होतं?"

"तुम्ही यायच्या जरा आधी."

"कोणी?"

"मी," इर्मेला म्हणाली.

"आणि मी बघत होतो," ओटमार पुढे झाला. "काढायचं तर दोघांना काढा साहेब."

डॉक्टरांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते भिंतीवरच्या यादीकडे बघत होते.

"किती वस्तू काढल्यात आतापर्यंत?"

"सदतीस."

"आणि आज?"

"इंजिन."

"इंजिन काढलं," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि थरथर राहिली." त्यांनी एकदम मान वर केली. "म्हणजे हे थरथरत नाही?"

"नाही डॉक्टर."

"अजिबात?"

"जूनपासून तरी नाही."

"पण एप्रिलमध्ये होतं!"

"एप्रिलमध्ये होतं. तेव्हा तुमचं बरोबर होतं."

"होतंच!" असं म्हणून डॉक्टर आइशेले हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले. मग हसू पोटातून आलं, मग चष्मा काढावा लागला. ओटमारने त्यांना तीस वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. मदतीला कोणाला बोलवावं की काय असा त्याचा चेहरा झाला. "माणसा, बघतोस काय! इंजिन चांगलं आहे! मी चार महिने झोपलो नाही, छताकडे बघत सिलिंडर मोजत होतो, आणि इंजिन चांगलं आहे!" त्यांनी स्टिअरिंगवर एक जोरदार थाप मारली. बॉनेटखाली नाणं अजून उभं होतं.

इर्मेलाला मात्र रडू कोसळलं. तिने ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"कागद आणा," डॉक्टर म्हणाले. "विचार बदलायच्या आत."

ओटमार जवळजवळ धावतच गेला. डॉक्टरांनी कागद मांडीवर घेऊन सही केली. ती रेघ वर-खाली हेलकावत गेली.

"संचालक मंडळाला वाटेल, चालत्या गाडीत सही केली," ओटमार म्हणाला.

"चालतीच आहे गाडी. आवाज ऐकू येत नसेल तर तो तुमचा दोष." ते गाडीतून उतरले आणि दार धरून उभे राहिले. "बसा कुर्त्सबाई."

"मी?"

"सव्वानऊला कोणीतरी बसायला हवंच. उद्यापासून हात तुमचा. फडकं टाका त्या काट्यांवर."

ती बसली. तिने फडकं सारखं केलं, डोळे मिटले, तळवा ठेवला. आता कोणी श्वास रोखलाय, हे तिला डोळे न उघडताही कळत होतं. तिने घाई केली नाही.

"काय लागतं?" न राहवून डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या काळजाचे ठोके," इर्मेला म्हणाली. "बाकी काही नाही."

"ते असू द्या. ते दुरुस्त करायच्या मागे लागू नका."

डॉक्टरांनी यादीखाली अडतीस आकडा घातला आणि त्यापुढे स्वतःच्या हाताने लाल फुली मारली. फुली वाकडीतिकडी आली. तिच्याकडे ते थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांनी कोटाची बटणं लावली.

"ओटमार, फोन कुठे आहे तुमचा?"

"केबिनमध्ये, साहेब. संचालकांना कळवायचंय का?"

"त्यांना शुक्रवारी कळेल," डॉक्टर आइशेले म्हणाले. "मला घरी लावायचाय. चमच्यांबद्दल माफी मागायची आहे."