अनोळखी होडी

एमिल ब्रूसारने टायची गाठ सैल केली आणि समोरचे कागद तिसऱ्यांदा सारखे केले. सकाळचे दहाच वाजले होते, तरी पोर्ट सेलेस्तच्या नगरपरिषदेचं सभागृह उकडायला लागलं होतं. एकोणीस वर्षं तो इथल्या बंदराचा प्रमुख होता. वादळातही त्याला इतकं अस्वस्थ कधी वाटलं नव्हतं.

"विषय चौथा," महापौर ओडेटबाई म्हणाल्या. "बंदराच्या सुरक्षेसाठी केंद्र सरकारचं अनुदान स्वीकारणे. लिन, वाच गं."

परिषदेची चिटणीस लिन दोआन उभी राहिली. ही कोळंबीवाल्या टॅमची मुलगी. धक्क्यावर अनवाणी पळायची, तेव्हापासून एमिल तिला ओळखत होता. ती संथपणे वाचत गेली : वेगवान गस्ती बोट, कॅमेरे, तेलाच्या टाक्यांभोवती नवं कुंपण. मग एमिलने स्वतः लिहिलेला परिच्छेद आला.

"गेल्या वर्षी चौदा मार्चला, सकाळच्या धुक्यात, एक अनोळखी होडी प्रतिबंधित भागात शिरून तेलाच्या धक्क्याला भिडली. शहराकडे योग्य बोट नसल्याने तिच्यापर्यंत पोहोचायला चाळीस मिनिटं..."

ती थांबली. तिची नजर एक ओळ मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग तिने त्याच आवाजात उरलेलं वाचून संपवलं.

"चाळीस मिनिटं!" नगरसेवक पिकेट खुर्चीत मागे रेलले. "तेवढ्यात माझी बायको पोहत गेली असती, एमिल."

सगळे हसले. लिन हसली नाही.

"पण त्या होडीचं पुढे काय झालं? कुणाची होती, कळलं का?" पिकेटांनी विचारलं.

एमिल उभा राहिला. याआधी दोन वर्षं अर्ज परत आला होता. धोका दिसत नाही, असं वॉशिंग्टनहून कळवलं होतं. त्या चाळीस मिनिटांत खोटं काही नव्हतं. खोटा शब्द एकच होता.

"नाही," तो म्हणाला. "कळलं नाही."

लिनची बोटं कळफलकावर क्षणभर अडली. मग तिने त्याचं उत्तर नोंदवून घेतलं. ठराव एकमताने मंजूर झाला. ओडेटबाईंनी एमिलचा हात हातात घेऊन हलवला. पिकेटांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो कसाबसा बाहेर पडला.

बंदराचं कार्यालय त्याच इमारतीत तळमजल्यावर होतं. तो खुर्चीत बसतो न बसतो तोच लिन आत आली. तिने दार लावून घेतलं.

"चौदा मार्च माझ्या लक्षात आहे," ती म्हणाली. "बाबा संध्याकाळी घरी आले, तर डाव्या हाताने पेला धरता येईना. म्हणाले, दोरात हात पिरगळला."

एमिल खिडकीकडे बघत राहिला.

"बाबांची होडी तुम्हीच ओढून आणलीत ना?"

"हो."

"ते कसे होते तेव्हा?"

"खाली पडला होता. तोंड एका बाजूला गेलेलं. मी हाका मारल्या तर ओळखेना. मग तासाभरात बोलायला लागला. मी म्हटलं, दवाखान्यात चल. तर माझा हात धरून रडला गं. म्हणाला, परवाना काढून घेतील, आणि पोरीला कळलं तर ती मला घरात कोंडेल."

"म्हणून तुम्ही गप्प बसलात."

"मला वाटलं, मी त्याच्यावर उपकार केले."

"आणि मग अर्जात लिहिलंत."

लिनने कपाळावरचा घाम पुसला.

"वर्षभर भांडतेय मी त्यांच्याशी. एकटे जाऊ नका म्हणते. आपण उगाच घाबरतो, असं मलाच वाटायला लागलं होतं. आज पहाटेही गेलेत."

"एकटा?"

"कोण आहे बरोबर जायला?"

एमिल उठून उभा राहिला. भिंतीवरच्या नकाशापर्यंत गेला, तिथून परत आला.

"आज दिलेलं उत्तर बदलता येतं का?"

"पुढच्या बैठकीत येतं. सगळ्यांसमोर, उभं राहून."

"पैसे परत जातील. माझी नोकरीही जाईल कदाचित. आणि टॅमचं नाव सांगावं लागेल."

"सांगा," लिन म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ती बोट यायला हवीच आहे, एमिल. मला काय कळत नाही? पण माझे बाबा अनोळखी नाहीत."

एमिलने मान हलवली. टेबलाच्या कडेला बिनतारी संच होता. त्याने तो चालू केला.

"टॅम, बंदरातून एमिल बोलतोय. ऐकू येतंय का?"

नुसती खरखर. त्याने पुन्हा हाक मारली. लिन टेबलाची कड धरून उभी होती. तिसऱ्या हाकेला खरखरीतून आवाज आला.

"कशाला ओरडतोस? जाळं ओढतोय मी. म्हातारा झालास, तुला धीर म्हणून नाही!"

लिनने श्वास सोडला. एमिलने संचाचा माइक तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि बोलायचं बटण दाबलं.

"बा," ती म्हणाली. घरातली हाक तीच होती.

पलीकडे इंजिनची धडधड ऐकू येत होती. ती मंदावली, आणि मग थांबली. टॅम ऐकत होता.