गाड्या लावायची जागा

शिंप्याने आईला कागदावर अंगठा द्यायला लावला, त्या दिवशी तो खरोखरच खुशीत होता. शहरात जगभरचे खेळाडू येणार होते, एकवीस दिवस सामने चालणार होते आणि त्याच्या दुकानाला झेंडे शिवायचं काम मिळालं होतं. मैदान गल्लीच्या पाठीमागेच उभं राहत होतं. गल्ली मात्र हलवायची होती. बदल्यात खेळाडूंसाठी बांधलेल्या इमारतींत, खेळ संपल्यावर, प्रत्येकाला घर मिळणार होतं.

"लिफ्ट आहे आई, नळाला दिवसभर पाणी आहे. उतारवयात सुख लागेल तुला."

आईला सगळी गल्ली जिजी म्हणायची. ती सुईण होती. गल्लीतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती. तिनं लेकाच्या तोंडाकडे पाहिलं, म्हणाली, "तू म्हणतोस तर चांगलंच असेल," आणि अंगठा उठवला.

घर नवव्या मजल्यावर मिळालं. दुकान गल्लीबरोबर गेलं होतं, म्हणून शिंप्यानं मशीन घरातच मांडलं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग एक लिफ्ट बंद पडली. तिचे सुटे भाग परदेशातून यायचे आणि ज्या कंपनीनं ती बसवली, ती खेळांबरोबरच गाशा गुंडाळून गेली होती. पहिलीचे भाग काढून दुसरीला लावले. तीही काही महिन्यांत पाचव्या-सहाव्याच्या मध्ये अडकली, ती अडकलीच.

ब्लाउजच्या बाहीसाठी नऊ मजले कोण चढणार? गिऱ्हाईक तुटलं. शिंपी गणवेशांच्या कारखान्यात लागला आणि दिवसभर नुसत्या कॉलरी शिवू लागला. बायको भाजी, दळण, सिलिंडर सगळं वर ओढायची. जिजीचे गुडघे केव्हाच गेले होते. ती तीन वर्षं खाली उतरली नाही. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे मोरीचे पाइप तेवढे दिसायचे.

संध्याकाळी तो आला की ती विचारायची, "आपल्या जागेवर काय चाललंय रे?"

एकदा तो दमून आला होता. विषय संपावा म्हणून म्हणाला, "पोरं खेळतात आई. शाळा सुटली की नुसती गजबज असते."

जिजीचा चेहरा उजळला. मग ते रोजचंच झालं. आज कोण आलं होतं, कोण जिंकलं. एक मुलगी होती, अनवाणी पळायची आणि बूटवाल्या पोरांना मागं टाकायची. ही मुलगी शिंप्याने कुठून आणली हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. जिजी तिची चौकशी करायची. पाऊल दुखावलं होतं तिचं, बरं झालं का?

एका रविवारी सकाळी जिजी धुतलेले कपडे घालून दाराशी उभी राहिली.

"मला ती मुलगी बघायचीय."

"आई, तुझे गुडघे..."

"चालत उतरायला गुडघे लागतात. बसून उतरायला काय लागतं?"

ती खरोखरच पायरी-पायरीवर बसत उतरली. शिंपी पुढं, सून मागं. चौथ्या मजल्यावरचा वायरमनही हात द्यायला आला. त्याला सगळे पहिलवान म्हणायचे, कारण तो वाऱ्यानं उडेल इतका काडी होता. उतरायला दीड तास लागला. टॅक्सीत बसेपर्यंत शिंप्याच्या ओठांवर खरं दहा वेळा आलं आणि दहा वेळा त्यानं ते गिळलं.

मैदानाच्या फाटकाला साखळी होती. अलीकडे, जिथं गल्ली होती तिथं, नजर पोचेल तिथवर डांबर पसरलं होतं. डांबराला भेगा पडल्या होत्या, भेगांतून गवत वर आलं होतं आणि पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेल्या चौकटींवर आकडे होते. एकही गाडी नव्हती. विजेचा जुना खांब तेवढा जागच्या जागी होता. जिजी त्याच्यापाशी गेली आणि तिथून पावलं मोजत चालू लागली. वीज गेल्यावर बाळंतिणीचं घर सापडावं म्हणून ती पूर्वी अशीच पावलं मोजायची. दोनशे चौदा आकड्याच्या चौकटीत ती थांबली.

"इथं आपली चूल," ती म्हणाली. मग चौफेर बघत तिनं विचारलं, "पोरं कुठंयत?"

"नव्हतीच कधी."

"आणि मैदान?"

"कुलूप असतं. सभेबिभेला उघडतात कधीतरी."

"मग इथं काय होतं?"

"गाड्या लावायची जागा. पाहुण्यांच्या."

"किती दिवस?"

"एकवीस."



"अंगठा घेतलास तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"नाही आई. शप्पथ."

"मग तुझा काय दोष," ती म्हणाली आणि टॅक्सीकडे वळली. वाटेत ती बाहेर बघत होती. इमारत दिसू लागली तसं म्हणाली, "त्या मुलीचं मात्र खोटं सांगायला नको होतंस. मी रोज तिच्यासाठी हात जोडायचे."

खुर्चीत बसवून तिला वर न्यायचं ठरलं. दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय वाकला, पहिलवानाच्या पाठीत उसण भरली आणि जिजी म्हणाली, "पुरे. मला खाली ठेवा."

तळमजल्यावर, खेळांच्या दिवसांत जिथं खेळाडूंच्या पिशव्या तपासायचे, ती खोली रिकामी होती. खिडकी नव्हती, पण पहारेकऱ्यांचा संडास लागून होता. तिथं गादी टाकली. सेक्रेटरी धावत आले.

"अहो, ही सोसायटीची जागा आहे."

"लिफ्टही सोसायटीचीच आहे ना?" पहिलवान पाठ धरून म्हणाला. "ती सुरू करा, आत्ता वर नेतो."

सेक्रेटरी पुटपुटत गेले.

सून तिन्ही वेळा डबा घेऊन खाली यायची. येणारी-जाणारी माणसं जिजीपाशी टेकायची, पोटुश्या मुली काहीबाही विचारायला यायच्या. जिजी वरच्यापेक्षा तिथं जास्त बोलायची. पण थंडी पडली तशी फरशी गारठली आणि खोकला छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, "वर कोरड्या जागी न्या यांना." शिंप्यानं जिन्याकडे पाहिलं.

ती गेली ती भर दुपारी. सून पेज घेऊन पोचली तेव्हा अंग अजून ऊन होतं.

"सहाव्यावर मी टेकले," सून नवऱ्याला सांगत राहिली. "पायांत गोळे आले म्हणून टेकले. टेकले नसते तर..."

"गप," तो म्हणाला. त्याला रागावता येत नव्हतं, धीरही देता येत नव्हता.

नेताना कुणीतरी हळूच म्हणालं, "खालीच होत्या ते बरं. वरून आणायचं म्हणजे..." शिंप्यानं मान खाली घातली. तेच त्याच्याही मनात येऊन गेलं होतं.

महिन्यानं बायकोच म्हणाली, "मशीन खाली नेऊ या. ती खोली तशीच पडलीय." तो दोन दिवस नेहमीसारखा कारखान्यात गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं आणि पहिलवानानं मशीन उतरवलं. सेक्रेटरींनी पाहिलं आणि ते बाजूला झाले. आठवड्याभरात गिऱ्हाईक येऊ लागलं, नंतर रांगही लागू लागली. त्यानं कारखाना सोडला.

आठव्या मजल्यावरची एक बाई कुडत्याचं माप द्यायला आली. खोलीभर नजर फिरवत म्हणाली, "किती सोयीचं झालं हो. आधीच का नाही आलात खाली?"

"आई होती इथं," शिंपी म्हणाला. "हात जरा वर करा."