यॉर्डिसच्या मुकुटावरची काच

वेस्टरविकमधल्या आमच्या फ्रेमच्या दुकानात चाळीस वर्षं कापायचं काम माझं. काच असो नाहीतर ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक. नवरा चौकटी जोडायचा, आता मुलगा होकान जोडतो, पण कापायची सुरी मी कुणाच्या हातात दिली नाही. शाळेत सहाच वर्षं गेले असेन, पण काटकोन चुकला तर मला लांबून दिसतो. सून तूवा पुष्कळ शिकून आली आहे. तिला मी पुसायचं आणि फ्रेमा बंद करायचं काम दिलं होतं. तेही मेहरबानी म्हणून.

मार्चमध्ये मी दाराशी बर्फावरून घसरले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण यॉर्डिस वृद्धाश्रमात जायची होती. घर सोडलेलं, किल्ल्या शुक्रवारी द्यायच्या. आणि बुधवारी तिथल्या बाईंचा फोन आला, खोलीत काच चालणार नाही, फुटली तर कुणाला लागेल.

यॉर्डिसच्या पलंगाच्या वर भिंतीला अठ्ठावन्न वर्षं एक खोल पेटीसारखी फ्रेम आहे. आत एवर्टशी लग्न करताना तिने घातलेला, मिर्टलच्या झुडपाच्या पानांचा नवरीचा मुकुट. पानं वाळून चहाच्या पत्तीसारखी झाली आहेत.

"मुकुट नाही तर मीही नाही," ती फोनवर म्हणाली. "एवर्ट गेला तेव्हा तो आमच्या डोक्यावर भिंतीला होता. त्या परक्या पलंगावर मी काय नुसत्या भिंतीकडे बघत पडू?"

"अगं, काच काढून ॲक्रिलिक घालते."

"प्लॅस्टर घातलेल्या हाताने?"

"तू सामान बांध," म्हटलं, आणि फोन ठेवला.

होकानने पेटी दुकानात आणून जुनी काच काढली. ॲक्रिलिकचा पुरेसा मोठा असा एकच तुकडा उरला होता. नवा माल पुढच्या आठवड्यात. होकानला कापायला द्यावं, तर त्याचं सगळं लक्ष गिऱ्हाइकांशी गप्पा मारण्यात. राहिली तूवा.

"शीटवरचा कागद काढू का?" तिने विचारलं.

"काढलास तर ओरखडे तूच मोजत बस. राहू दे. पट्टी दाबून धर. बोटं मागे घे, ती काही जास्तीची दिलेली नाहीत."

हुकासारख्या वाकड्या पात्याची सुरी तिने उचलली. माझीच सुरी.

"पहिली रेघ हलकी. नुसती वाट दाखवायची. मग त्याच वाटेने, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. मध्येच थांबायचं नाही."

पाचव्या वेळी ती थांबली. "झालं?"

"झालं म्हणे! अजून पाच. आवाज ऐक ना. खाच खोल गेली की आवाज जाड होतो."

दहा झाल्या. मी तिला खाच वर ठेवून बरोबर टेबलाच्या कडेवर आणायला लावली.

"आता आतला भाग दाबून धर आणि बाहेरचा एका झटक्यात खाली. भीत भीत दाबलंस तर तडा वाट्टेल तिकडे जाईल."

तिने डोळे मिटले.

"डोळे उघड गं बाई! प्रार्थना करतेस का?"

टक्क झालं. कड अशी सरळ, की बोट फिरवून बघितलं तरी मला बोलायला काही सापडेना. दुसरी बाजूही तशीच.

"बरं आहे," मी म्हटलं.

"बरं?" तूवा हसली. "गुनवोर, तुझ्या तोंडून हे म्हणजे मिरवणूकच की."

तिला जास्त चढू नये म्हणून पुढचं मी हातात घेतलं. डाव्या हाताने दोन्हीकडचा कागद ओढून काढला. कोपऱ्यात बोटाचा डाग दिसला, तो लोकरीच्या बाहीने खसाखसा पुसला, जशी काच पुसत आले तसा. आणि शीट पेटीवर ठेवली.

"नको, बाहीने नको!" तूवा ओरडली, पण उशीर झाला होता.

मुकुटाची पानं मांजरीच्या केसांसारखी उभी राहिली. चार-पाच तुटून वर उडाली आणि आतून शीटला चिकटली.

"वारा आला," मी म्हटलं.

"दार बंद आहे."

मी उचलायला हात घातला तर तिने माझं मनगट धरलं, चांगलं असलेलं. "हलवू नकोस. ओढलीस तर मुकुटच वर येईल. ॲक्रिलिक कोरडं घासलं की केसात फिरवलेल्या कंगव्यासारखं ओढून घेतं. रोज मीच पुसते ना, मला माहीत आहे." तिने पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला, फडका घट्ट पिळला आणि बाहेरून हळूच फिरवला, बाळाचं कपाळ पुसावं तसा. "आता कॉफी."

"आत्ता?"

"आत्ताच. त्याला शांत होऊ दे. तुलाही."

वेलदोड्याचे पाव खात आम्ही दोघी त्या पेटीकडे बघत बसलो. एक पान पडलं. मग दुसरं. उभी राहिलेली पानं निजली. मुकुट जागच्या जागी होता. एकच पान मधोमध चिकटून राहिलं, ते काही केल्या खाली येईना.

शुक्रवारी तो यॉर्डिसच्या नव्या पलंगाच्या वर टांगला. तिने चष्मा लावला.

"हे पान वर कसं गेलं?"

तूवाने माझ्याकडे पाहिलं. सगळं तिच्यावर ढकलायचं मी गाडीतच ठरवून ठेवलं होतं.

"मी चुकले," मी म्हटलं. "कापलं हिने, ते छान झालं. पुसलं मी."

यॉर्डिस पलंगावर बसून इतकी हसली, की शेजारच्या खोलीतली म्हातारी डोकावून गेली. "गुनवोर चुकली! एवर्ट हवा होता ऐकायला! राहू दे ते पान तिथेच, मला रोज बघायला." आणि तिने बूट काढून पलंगाखाली ठेवले, मग मला कळलं की आता ती राहणार.

अजून ती रोज सकाळी मला फोन करते. "पान आहे हं तुझं," म्हणते आणि ठेवून देते.

मेमध्ये प्लॅस्टर उतरलं. मी तूवासाठी नवी सुरी आणली, मुठीला लाल पट्टी गुंडाळून, म्हणजे माझ्या सुरीत मिसळायला नको. तिने ती हातात तोलून पाहिली.

"आणि हे बघ," मी म्हटलं, "तो फडका किती पिळायचा ते एकदा दाखव. होकान जेवायला गेला की."