वडिलांच्या रकान्यात

जन्मनोंदणीच्या कारकुनानं टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. समोर उभी राहिलेली पोर पुस्तकबांधणीच्या कारखान्यातली होती. छातीशी धुवट पंच्यात गुंडाळलेलं तान्हं. शेजारी साक्षीला आलेली सुईण, कारकुनाच्याच आळीतली.

त्याच कारखान्यात कारकुनाचा मुलगा हिशेब लिहायचा. एकदा त्याचा विसरलेला डबा द्यायला गेला असताना कारकुनानं या पोरीला फाटकाशी पाहिलं होतं. ती मुलाशी हसून बोलत होती आणि कारकुनाला पाहताच गप्प झाली होती. त्या दिवसापासून त्यानं मुलाला काही विचारणंच सोडलं होतं. पुढे काही महिन्यांनी मुलगा तडकाफडकी दुसऱ्या गावी मामाकडे गेला. तिथं चांगली नोकरी आहे, एवढंच बायकोनं सांगितलं. कारकुनाला ते पटलं नव्हतं. खोदून विचारलं मात्र नव्हतं.

जन्म कुठे, केव्हा, मुलगा की मुलगी, सगळं सुईणीनंच सांगितलं. मुलगी होती. लग्न झालेलं नाही, हेही तिनं त्याच सुरात सांगून टाकलं. पलीकडच्या टेबलावरच्या शिक्केवाल्याचा हात थांबला.

ही आपल्याच टेबलाशी का आली? दुसरा कारकून जागेवर होता, त्याच्यापुढे कुणी नव्हतं. शिक्केवाल्यादेखत नाव घ्यायचं, असं ठरवूनच आली असेल. बाळानं तोंड वळवलं तेव्हा कारकुनाची नजर आपसूक त्याच्या हनुवटीवर गेली. मग त्यानं ती घाईनं कागदावर आणली आणि कुणी विचारायच्या आधीच नियम सांगितला. अशा मुलाला वडिलांचं नाव लावायचं, तर त्या माणसानं स्वतः इथं येऊन सही करावी लागते.

"तो येणार नाही," पोर म्हणाली. "आडनाव माझंच लिहा."

"वडिलांच्या रकान्यात रेघ येईल."

"येऊ दे."

त्यानं रेघ ओढली. ती जरा लांबच गेली, रकान्याबाहेर. पोर अजून हलली नव्हती.

"तुम्ही विचारणार नाही, कोण म्हणून?"

"विचारायची पद्धत नाही."

शिक्केवाल्यानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आजवर अशा प्रत्येक बाईला कारकुनानं ते विचारलं होतं. दोन-दोनदा, आवाज चढवून.

पोरीनं अंगठा नाही, सही केली. सावकाश, पूर्ण नाव. सुईणीनं पंचा सारखा केला आणि दोघी जिना उतरून गेल्या. नंतर दिवसभर कारकुनाला वाटत राहिलं, की शिक्केवाला प्रत्येक शिक्का मुद्दाम जोरात मारतोय.

संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि पाटावर बसला. बायकोनं ताट वाढलं. ती नेहमी कचेरीतलं काहीबाही विचारायची. आज विचारलं नाही. त्यानं पहिला घास उचलला, तेव्हा ती चुलीकडे तोंड करून म्हणाली,

"बाळ चांगलं धडधाकट आहे ना?"

त्यानं घास परत ताटात ठेवला. घरात आल्यापासून त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं.

"आहे," तो म्हणाला.

"आडनाव?"

"तिचंच."

बायकोनं मान हलवली. सुटल्यासारखी की खचल्यासारखी, ते पाठमोऱ्या मानेवरून कळेना.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यानं विचारलं.

ती वळली. तिनं त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला.

"तुम्ही त्याला काही विचारेनासे झालात ना, तेव्हापासून."